ओट्यावरचा ग्रॅनाइट, खांदेश्वरचा काळा कातळ आणि हिमालयाचं वळण उलगडणारे दाराशॉ वाडिया

खांदेश्वर स्टेशनच्या आसपास कुठल्याही सोसायटीत जा, स्वयंपाकघरातला ओटा बहुतेक वेळा ग्रॅनाइटचा असतो. पण खिडकीतून दिसणाऱ्या एकाही डोंगरात ग्रॅनाइट नाही. कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगड, माथेरानची रांग, विमानतळासाठी सुरुंग लावून कापलेली उलवे टेकडी, हा सगळा बेसॉल्ट. म्हणजे आपला काळा कातळ. पनवेल परिसरातल्या क्वारींमधून निघणारी खडीसुद्धा त्याचीच.

ओट्यावरचा ग्रॅनाइट ट्रकमधून येतो. कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश, राजस्थान अशा राज्यांमधून. त्यातही दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा खरा ग्रॅनाइट नसतोच, तो डोलेराइटसारखा बेसॉल्टचा भाऊबंद असतो.

मग खरा ग्रॅनाइट तयार कुठे होतो? आपल्याकडे का नाही? याचं एक भव्य उत्तर खांदेश्वरपासून सतराशे-अठराशे किलोमीटरवर, लडाख आणि नंगा पर्वताच्या परिसरात आहे. तिथले खडक पायी फिरून नोंदवणाऱ्या माणसांमध्ये एक पारशी प्राध्यापक होता. त्याने हे काम केलं तेव्हा पृथ्वीच्या प्लेट सरकतात हा सिद्धांत मांडलाही गेला नव्हता.

त्यांचं नाव दाराशॉ नोशेरवान वाडिया.

स्टेशन मास्तरचा मुलगा, बडोद्याचा विद्यार्थी

वाडियांचा जन्म 23 ऑक्टोबर 1883 रोजी सुरतमध्ये झाला. ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजं बांधणारं जे प्रसिद्ध वाडिया घराणं, त्याच घराण्यातले ते. पण दाराशॉ यांच्या घरी जहाजांचा थाट नव्हता. वडील रेल्वेत एका छोट्या स्टेशनवर स्टेशन मास्तर होते. तिथे शाळेची सोय नसल्यामुळे मुलं सुरतला आजीकडे राहून शिकली.

पुढे कुटुंब बडोद्याला आलं. बडोदा तेव्हा सयाजीराव गायकवाड यांच्या कारभाराखाली शिक्षणासाठी ओळखलं जात होतं. मराठी राज्यकर्ता, गुजराती प्रजा आणि देशभरातून बोलावलेले विद्वान असं ते शहर. बडोदा कॉलेजमध्ये वाडियांनी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि भूशास्त्र असे विषय घेतले. 1903 मध्ये बीएस्सी आणि 1906 मध्ये एमए अशी त्यांची वाटचाल झाली.

भूशास्त्राची गोडी लागली खरी, पण त्या काळी या विषयाचं शिक्षण देशात मोजक्याच ठिकाणी मिळायचं. वाडियांनी बरंचसं स्वतःच वाचून आणि दगड गोळा करून शिकून घेतलं.

जम्मूतली 14 वर्षं

1907 मध्ये वाडिया जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजमध्ये भूशास्त्र शिकवायला गेले. ज्याला सपाट गुजरातची सवय, त्याच्यासमोर आता कॉलेजच्या दारातूनच शिवालिकच्या टेकड्या सुरू होत होत्या. मागे पीर पंजाल आणि त्याच्याही मागे बर्फाची शिखरं.

सुट्टी लागली की वाडिया डोंगरात जायचे. विद्यार्थ्यांनाही न्यायचे. जम्मूजवळच्या शिवालिक खडकांत त्यांना स्टेगोडॉन या नामशेष झालेल्या, हत्तीच्या कुळातल्या प्राण्याचे अवशेष सापडले. त्याचे सुळे प्रचंड लांब होते.

शिकवताना त्यांना एक अडचण सतत जाणवायची. पुस्तकांमधली उदाहरणं इंग्लंड-युरोपातली. भारताच्या भूरचनेवर सरकारी ग्रंथ होते, पण ते तज्ज्ञांसाठी लिहिलेले. कॉलेजच्या मुलाला हातात घेऊन वाचता येईल असं काही नव्हतं. म्हणून वाडियांनी ते स्वतः लिहिलं. 1919 मध्ये ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ प्रसिद्ध झालं. भारतात भूशास्त्र शिकलेल्या कित्येक पिढ्या त्याच पुस्तकावर वाढल्या आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अनेक दशकं निघत राहिल्या.

तिशी संपत आल्यावर नवी नोकरी

1921 मध्ये वाडिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, म्हणजे जीएसआयमध्ये दाखल झाले. वय 38 च्या घरात. 1851 मध्ये सुरू झालेल्या या खात्यातले बहुतेक अधिकारी तेव्हा ब्रिटिश होते. वाडियांकडे युरोपातल्या विद्यापीठाची पदवी नव्हती. होती ती 14 वर्षांची डोंगरातली पायपीट आणि एक गाजलेलं पुस्तक.

काम मिळालं ते त्यांच्या आवडीच्याच मुलखात. पूंछ, हजारा, काश्मीर आणि पुढे गिलगिटच्या दिशेने. भूशास्त्रीय नकाशा काढणं म्हणजे काय, तर दरी-खोऱ्यांतून चालत प्रत्येक खडक कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कुठल्या दिशेला कलला आहे, त्यात जीवाश्म आहेत का, हे टिपत जायचं. उपग्रहाची छायाचित्रं नव्हती आणि बऱ्याच भागांत रस्तेही नव्हते. खेचरं, तंबू, हातोडा आणि वही एवढ्यावर हे काम चालायचं. पूंछवरचा त्यांचा सविस्तर अहवाल 1928 मध्ये प्रसिद्ध झाला.

या कामातून वाडियांसमोर एक जुनं कोडं उभं राहिलं.

हिमालय अचानक वळतो कसा?

नकाशात हिमालय बघितला तर पूर्वेकडून वायव्येकडे सुमारे 2,400 किलोमीटर जाणारी एक कमान दिसते. पण नंगा पर्वताजवळ, 8,126 मीटर उंचीच्या या शिखरापाशी, डोंगररांगा एकदम दक्षिणेकडे वळतात. एखाद्या घाटातल्या हेअरपिन वळणासारख्या.

हे एकाच पर्वताचं वळण आहे की दोन वेगळ्या रांगा इथे येऊन भेटतात? हाच प्रश्न होता.

वाडियांनी त्याचं उत्तर खडकांना विचारलं. वळणाच्या पूर्वेला काश्मीरच्या बाजूने खडकांचे जे थर ज्या क्रमाने येतात, तेच थर वळणाच्या पश्चिमेला हजाराच्या बाजूलाही येतात का, हे त्यांनी दोन्हीकडे फिरून तपासलं. थर तेच निघाले. क्रमही तोच निघाला. म्हणजे रांग एकच होती आणि तीच वळली होती.

पण ती वळली का? 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात वाडियांनी कारण मांडलं. भारतीय द्वीपकल्पाच्या जुन्या, टणक भूभागाची एक जीभ पंजाबच्या मैदानाखालून उत्तरेकडे घुसलेली आहे. जुन्या समुद्राच्या तळाचे तुलनेने मऊ थर जेव्हा दाबले गेले, तेव्हा या जिभेपाशी अडले आणि तिच्याभोवती गुंडाळले गेले. जमिनीवर पसरलेली सतरंजी पाटाच्या कोपऱ्याकडे ढकलली तर तिच्या घड्या कोपऱ्याभोवती वळतात, तसंच काहीसं. या वळणाला भूशास्त्रात ‘सिंटॅक्सिस’ म्हणतात.

त्या काळात खंड सरकतात की नाही, यावरच जगभरात वाद होता. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये खंड सरकण्याची कल्पना मांडली होती. पण खंडांना हलवणारी ताकद कोणती, याचं समाधानकारक उत्तर त्यांना देता आलं नव्हतं आणि अनेक भूशास्त्रज्ञांनी ती कल्पना फेटाळली होती. वाडियांची मांडणी मात्र या वादावर उभी नव्हती. ती पायाखालच्या थरांवर उभी होती.

अस्तोर आणि देवसाईचे खडक

याच मोहिमांमध्ये वाडिया नंगा पर्वताच्या पूर्वेकडच्या अस्तोर, बुर्झिल आणि देवसाई पठाराच्या भागात पोहोचले. द्रास हे नाव मराठी वाचकाला 1999 च्या कारगिल युद्धामुळे माहीत असतं. वाडियांना इथे ज्वालामुखीचे खडक भेटले.

त्यात नवल काय? तर आज हिमालयात एकही जिवंत ज्वालामुखीची रांग नाही. तरी इथे लाव्हा आणि ज्वालामुखीच्या राखेचे जाड थर होते. ते क्रिटेशस काळातले, म्हणजे डायनासोरच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यातले. आणि या थरांना खालून भेदून वर घुसलेले ग्रॅनाइट वर्गातले खडक होते. 1937 मध्ये वाडियांनी अस्तोर-देवसाईच्या या ज्वालामुखी मालिकेवर आणि तिच्यात घुसलेल्या खडकांवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला.

ज्वालामुखीचे थर आणि त्यांच्यात घुसलेला ग्रॅनाइट, या दोन गोष्टी शेजारी शेजारी का असतात, याचं पूर्ण उत्तर त्या वेळी कुणाकडेच नव्हतं. वाडियांनी जे दिसलं ते नीट नोंदवलं. पुढच्या पिढीला तेच कामी आलं.

मग ग्रॅनाइट तयार होतो तरी कसा?

पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं बनलं आहे. या प्लेट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. समुद्राच्या तळाची प्लेट जड असते. ती दुसऱ्या प्लेटला भिडली की तिच्याखाली बुडू लागते.

बुडताना ती एकटी जात नाही. समुद्रतळाच्या खनिजांमध्ये अडकलेलं पाणीही घेऊन जाते. साधारण 100 किलोमीटर खोलीवर उष्णता आणि दाबाने हे पाणी सुटतं आणि वरच्या तप्त खडकात शिरतं. पाणी मिसळलं की खडक कमी तापमानाला वितळतो. जुन्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकलं की बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो, तसाच हा प्रकार.

तयार झालेला शिलारस हलका असल्यामुळे वर चढतो आणि कवचाच्या तळाशी साठतो. तिथे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे, निवताना लोह आणि मॅग्नेशियमची खनिजं आधी गोठून बाजूला होतात आणि उरलेल्या रसात सिलिकाचं प्रमाण वाढत जातं. दुसरं म्हणजे, त्या उष्णतेने आजूबाजूचं कवचही थोडं वितळून त्यात मिसळतं. असा सिलिकाने भरलेला रस घट्ट आणि चिकट असतो. त्यातला काही भाग वर पोहोचून ज्वालामुखीतून बाहेर पडतो. पुष्कळसा मात्र वाटेतच, काही किलोमीटर खोलीवर अडकतो.

तिथे तो लाखो वर्षं सावकाश निवतो. खडीसाखर हळूहळू जमू दिली की तिचे खडे मोठे होतात. ग्रॅनाइटचंही तसंच. म्हणून त्याचे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आपला बेसॉल्ट उघड्यावर भराभर निवला, म्हणून त्याचे दाणे सहसा दिसत नाहीत.

ही प्रक्रिया एकदा होऊन थांबत नाही. कोट्यवधी वर्षं रसाची एकामागून एक खेप वर येत राहते आणि आधीच्या ग्रॅनाइटशेजारी किंवा त्याच्या आतच घुसते. अशा शेकडो खेपांचा मिळून जो अजस्र साठा तयार होतो, त्याला बॅथोलिथ म्हणतात. जमिनीवर उघडा पडलेला भाग 100 चौरस किलोमीटरपेक्षा मोठा असेल तरच हे नाव देतात. त्याच्यावरचे ज्वालामुखी पुढे झिजून जातात आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो.

दक्षिण अमेरिकेचा अँडीज पर्वत आणि कॅलिफोर्नियाचा सिएरा नेवाडा ही याची जगप्रसिद्ध उदाहरणं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे लडाख बॅथोलिथ. लेहहून खारदुंग ला चढणारे बायकर ज्या राखाडी, दाणेदार खडकातून जातात, तो हाच.

टकरीनंतरचा ग्रॅनाइट

भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. भारत उत्तरेकडे सरकत होता आणि टेथिसचा तळ आशियाच्या बाजूला बुडत होता. त्यातून साधारण 10 कोटी ते 5 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात लडाखचा ग्रॅनाइट खेपाखेपाने तयार झाला. वाडियांना सापडलेले ज्वालामुखीचे थर आणि त्यांच्यात घुसलेला ग्रॅनाइट ही त्याच ज्वालामुखी साखळीची वरची आणि खालची बाजू होती.

सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला आणि भारत आशियाला भिडला. बुडायला समुद्रतळच उरला नाही, तेव्हा पाण्याचा तो पुरवठा थांबला आणि ज्वालामुखीही हळूहळू थंडावले. पण ग्रॅनाइटची गोष्ट इथे संपत नाही. टकरीने भारताचं कवच एकावर एक चढून जाड झालं, आतून तापलं आणि त्याचाच काही भाग वितळला. त्यातून फिकट पांढऱ्या रंगाचा, वेगळ्या प्रकारचा ग्रॅनाइट जन्माला आला. हिमालयाच्या अनेक उंच शिखरांमध्ये तो दिसतो आणि त्याचं वय बहुतेक ठिकाणी अडीच ते दीड कोटी वर्षांच्या आसपास आहे.

नंगा पर्वतावर तर याहून तरुण, दहा-वीस लाख वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट सापडला आहे. पर्वत इतक्या वेगाने वर येतोय आणि सिंधू नदी त्याला इतक्या वेगाने कापतेय की खोलवरचा तप्त खडक लवकर वर येतो आणि वर येताना दाब उतरल्यामुळे वितळतो. वाडियांनी जिथे वळणाचा बिंदू दाखवला, तीच जागा आज जगातल्या सर्वांत वेगाने उचलल्या जाणाऱ्या ठिकाणांमध्ये गणली जाते.

आणि त्याच वेळी खांदेश्वरला…

उत्तरेकडे लडाखचा ग्रॅनाइट जमिनीखाली शिजत होता, त्याच काळात, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, याच भारतीय प्लेटच्या पश्चिम भागात भेगांमधून लाव्हा ओतला जात होता. त्याच्या थरांवर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. आज उरलेला हा बेसॉल्ट सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. खांदेश्वरच्या आसपासचा कातळ त्यातलाच.

म्हणजे महाराष्ट्रात ग्रॅनाइट नाहीच का? आहे, पण बहुतेक ठिकाणी झाकलेला. कोयनेत 1967 साली मोठा भूकंप झाला. तिथल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी पुढे 3 किलोमीटर खोल विवर खोदण्यात आलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट वर्गातला खडक लागला. तो 250 कोटी वर्षांहूनही जुना आहे. द्वीपकल्पाचा जो टणक भूभाग हिमालयाला आडवा आला असं वाडियांनी लिहिलं, तो अशाच प्राचीन खडकांचा बनलेला आहे. पूर्व विदर्भात आणि तळकोकणात बेसॉल्टची चादर संपते, तिथे जुने खडक उघडेही दिसतात.

श्रीलंका, युरेनियम आणि पुन्हा ग्रॅनाइट

1938 मध्ये वाडिया जीएसआयमधून निवृत्त झाले आणि तेव्हाच्या सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ म्हणून श्रीलंकेला गेले. तिथे 1944 पर्यंत राहिले. परत आल्यावर भारत सरकारचे खनिज सल्लागार झाले. देश स्वतंत्र होत होता आणि जमिनीखाली काय आहे, याचा हिशोब नव्याने मांडायचा होता.

1949 मध्ये अणुऊर्जेसाठी लागणारी खनिजं शोधण्याचा विभाग उभा राहिला, त्याची धुरा वाडियांकडे आली. इथे ग्रॅनाइट पुन्हा त्यांच्या वाटेत आला. शिलारस निवताना युरेनियम सुरुवातीच्या खनिजांमध्ये बसत नाही. त्याचा अणू आकाराने मोठा असल्यामुळे तो शेवटच्या रसात उरतो आणि ग्रॅनाइटमध्ये साठतो. त्यामुळे बेसॉल्टपेक्षा ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचं प्रमाण जास्त असतं. युरेनियम शोधायचं तर देशातले ग्रॅनाइट आणि त्यांच्या कडेचे खडक माहीत हवेत. वाडियांनी आयुष्यभर तेच तर केलं होतं.

मानसन्मान आले ते बहुतेक साठीनंतर. 1943 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं लायल पदक मिळालं. 1957 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय भूशास्त्रज्ञ. 1958 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1964 मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद दिल्लीत भरली, तेव्हा अध्यक्षपदी वाडिया होते. आशियात ही परिषद पहिल्यांदाच होत होती.

उत्तर आलं, तेव्हा ते 84 वर्षांचे होते

1967-68 च्या सुमारास प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत पूर्ण रूपात पुढे आला. समुद्रतळ बुडतो, खंड भिडतात, बुडणाऱ्या तळाच्या वर ग्रॅनाइट तयार होतो, या सगळ्याला एकच चौकट मिळाली. वाडिया तेव्हा 84 वर्षांचे होते. त्यांनी 1931 आणि 1937 मध्ये नोंदवलेल्या गोष्टी या चौकटीत नीट बसल्या. पण ते बसवण्याचं काम पुढच्या पिढ्यांनी केलं.

त्या वयातही वाडिया एका संस्थेसाठी धडपडत होते. हिमालयाचा अभ्यास इतर कामांतून वेळ काढून होणार नाही, त्यासाठी स्वतंत्र संस्था हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. 1968 मध्ये दिल्लीत ती लहान स्वरूपात सुरू झाली आणि वाडिया तिचे पहिले मानद संचालक झाले. जेमतेम वर्षभरात, 15 जून 1969 रोजी त्यांचं निधन झालं.

1976 मध्ये संस्था देहरादूनला हलली आणि पुढे तिला वाडियांचंच नाव मिळालं. वाडिया इन्स्टिट्यूट ऑफ हिमालयन जिऑलॉजी. हिमालयात भूकंप झाला, दरड कोसळली, हिमनदीच्या तलावाचा बांध फुटला की बातम्यांमध्ये ज्या संस्थेच्या शास्त्रज्ञांचं नाव येतं, ती हीच.

टक्कर अजून थांबलेली नाही. भारताची प्लेट आजही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आहे. हिमालयातले भूकंप त्यातूनच होतात आणि तिथले बोगदे, धरणं, रस्ते बांधताना पायाखाली कुठला खडक आहे, हा प्रश्न जीवन-मरणाचा ठरतो. त्याचं उत्तर शोधणारे लोक आजही ज्या नकाशांपासून सुरुवात करतात, त्यात वाडियांचे नकाशे आहेत. आणि खांदेश्वरचा कातळ स्थिर वाटत असला, तरी तोही त्याच प्लेटवर बसून उत्तरेकडे निघाला आहे.